नळापलीकडचा धडा

शाळेतला पाणीबचतीचा धडा बहुधा ‘नळ बंद करा’ इथेच संपतो. सातारा-सांगलीत तेवढ्याने भागणार नाही. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर माणमध्ये तो ५००च्या आसपास घुटमळतो. एप्रिल २०१६मध्ये सांगली जिल्ह्यातल्या मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. त्याच सांगली जिल्ह्यातला जत तालुका मात्र कायमचा दुष्काळी.

आक्षेप असा, की पाणी पितो ऊस. पोरांच्या पेलाभर बचतीने काय होणार? आक्षेप खरा आहे, म्हणूनच धडा हिशेबाचा हवा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. माणमधल्या शाळेच्या १०० चौरस मीटर छपरावर वर्षात सुमारे ५०,००० लिटर पडते, हे मुलांनीच पर्जन्यमापक वाचून मांडावे. मग गावच्या पिकांचा जमाखर्चही त्याच वहीत उतरेल. गावागावांतल्या जलसंधारणाच्या २०१६च्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातले वेळू गाव अव्वल ठरले, ते घोषणांनी नव्हे, श्रमदानाने. अभ्यासक्रमाचे ओझे वाढेल म्हणाल, तर हे गणितच आहे. फक्त उदाहरणात आपले गाव आहे.