रात्रीच्या केळ्यावर आयुर्वेदाचा शिक्का

‘रात्री फळ खाऊ नये, आयुर्वेदात सांगितलंय.’ जोयडा तालुक्यात, म्हणजे जुन्या माणसांच्या सुप्यात, हे वाक्य कानी पडले नाही असे मराठी घर विरळाच. आमचा प्रश्न साधा आहे. आयुर्वेदात म्हणजे कोठे?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, ७ व्या अध्यायात, रात्री वर्ज्य सांगितले आहे ते दही. फळ नव्हे, दही! आणि रात्री दहीभात ओरपणाऱ्या घरातच पोराच्या हातातले केळे काढून घेतले जाते. त्याच सूत्रस्थानाच्या २६ व्या अध्यायात दुधाशी विरुद्ध ठरवलेल्या फळांत केळे आहे, फणसही आहे. ग्रंथच प्रमाण मानायचा तर पहिली गदा आपल्या शिकरणीवर यायला हवी, मग ती भरदुपारी का केलेली असेना. पण शिकरण सोडतो कोण? कानडी शेजारीही आपले सीकरणे सोडणार नाहीत. एवढ्या एका बाबतीत तरी सीमाभागात एकमत आहे!

सुश्रुताने (सूत्रस्थान, अध्याय ४६) डाळिंबासारखी फळे जेवणाच्या आरंभी खावीत असे म्हटले आहे. तेथे चर्चा क्रमाची आहे. भावप्रकाश मात्र रात्रीचे जेवण पहिल्या प्रहरात, थोडे कमी आणि जड पदार्थ टाळून घ्यायला सांगतो. आता फणस जड, हे कबूल. भरल्या पोटावर बरक्याचे गरे रिचवणाऱ्याने सकाळी तक्रार करू नये. केळेही ग्रंथांच्या मते जड आणि कफ वाढवणारे. म्हणून खोकल्याच्या रोग्याला वैद्याने ते बंद केले, किंवा मधुमेह्याला डॉक्टरने मोजून खायला सांगितले, तर ते ऐकावे. पण एका रोग्याचे पथ्य साऱ्या गावाचा कायदा कसे होते?

आणि या कायद्याचा भार पडतो कोणावर? पहाटे शेतात किंवा रानात गेलेली माणसे आणि दूरच्या शाळेतली पोरे घरी एकत्र येतात ती दिवेलागणीला. परसातला घड पिकला असेल तर केळे तेव्हा खायचे नाही, मग कधी? गरोदर बाईला पपई बंद, अननस बंद, त्यात रात्रीचे केळेही बंद. दिवसभर राबणाऱ्या त्या बाईने फळ खावे तरी कोणत्या मुहूर्तावर? उरलेला घड व्यापाऱ्याकडे जातो आणि त्याच पैशातून बिस्किटाचा पुडा घरात येतो. तो रात्री नऊ वाजता फोडताना मात्र कोणालाही चरक आठवत नाही. मैद्याला आणि साखरेला रात्रीची बंदी नाही, बंदी आहे ती परसातल्या फळाला.

कानडी पंगतीत जेवणाच्या शेवटी केळे देतात, रात्रीच्या लग्नातसुद्धा. आपली मंडळी तेथे ते निमूट सोलून खातात, वर पानही खातात.