शिस्तीच्या नावाखाली ‘ध’ चा ‘मा’

बिल्डच्या फाइलींचं इंडेंटेशन एडिटरने आपणहून लावावं, माणसाने त्यात लक्षच घालू नये, असं मत हल्ली मोठ्या थाटात मांडलं जातं. म्हणणं थोडक्यात असं: ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा म्हणजे निव्वळ दिखावा, ती किती असावी यावर डोकं खाजवणं म्हणजे पगारी वेळेची नासाडी, फाइल सेव्ह झाली की एडिटरने ती सरळ करून टाकावी, आणि ज्याला हे पटत नाही तो जुनाट, हटवादी किंवा दोन्ही. मेकफाइल असो, शेल स्क्रिप्ट असो की सीआयची यामल फाइल, सगळ्यांना एकच नियम. हे मत मांडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा अशी भाषा असते, जिच्यात मोकळ्या जागेला काही अर्थ नाही. तिथला निष्कर्ष उचलून ते बिनदिक्कत अशा भाषेवर लादतात, जिच्यात मोकळी जागा हाच अर्थ आहे.

जिथे हे मत लागू पडतं तिथे ते पुरतं लागू पडतं, हे आधीच मान्य करतो. सी, जावा, गो या भाषांत कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे हे महिरपी कंस सांगतात. इंडेंटेशन फक्त तेच डोळ्यांना दाखवतं. गो भाषेबरोबर येणारा गोएफएमटी हा फॉर्मॅटर म्हणूनच निर्धास्तपणे चालवता येतो. विरुद्ध बाजूचं आवडतं उदाहरणही इथलंच आहे. 2014 च्या फेब्रुवारीत उघडकीस आलेल्या ‘गोटू फेल’च्या चुकीत एकच ओळ चुकून दोनदा आली होती. दुसरी ओळ दिसायला ‘इफ’च्या आत होती, प्रत्यक्षात बाहेर. त्यामुळे आयफोन आणि मॅकवर सुरक्षित जोडणीतली सहीची तपासणी अर्ध्यातच संपत होती. फॉर्मॅटरने ती दुसरी ओळ डावीकडे ओढली असती आणि वाचणाऱ्याच्या ती डोळ्यांत भरली असती. दोन वर्षांनी आलेल्या जीसीसी 6 मध्ये अशा फसव्या इंडेंटेशनसाठी खास इशाराही आला. सगळं खरं. पण फॉर्मॅटरला ती चूक उघडी पाडता आली असती, ती कशाच्या जोरावर? अर्थ मोकळ्या जागेत नव्हता म्हणून. ओळ कुठेही सरकवली तरी कंपायलर तेच वाचणार होता. अर्थ एकीकडे आणि दिसणं दुसरीकडे असेल, तेव्हाच दिसण्याला अर्थाबरहुकूम वळवता येतं.

मेकफाइलीत ही सोय नाही. स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं, तेव्हा ओळीच्या आरंभी टॅब असेल तर ती आज्ञा, नसेल तर मेकची स्वतःची ओळ, असा साधा भेद ठेवला. काही आठवड्यांतच डझनभर लोक ते वापरू लागले, बहुतेक मित्रच. त्यांची अडचण नको म्हणून नियम तसाच राहिला, असं त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं आहे. ही हकिकत विरुद्ध बाजूला फार प्रिय आहे. टॅबची सक्ती हा अपघात होता हे सिद्ध झालं, म्हणजे ती न मानण्याचा परवाना मिळाला, असा त्यांचा समज दिसतो. अपघाताने रूढ झालेला नियमही नियमच असतो. पॉसिक्सने मेकचं व्याकरण लिहून काढलं तेव्हा टॅब तसाच घेतला. डझनभर मित्रांची गैरसोय टाळण्यासाठी ठेवलेली गोष्ट आज असंख्य प्रकल्पांच्या फाइलींत आहे. तिच्याशी भांडायचं असेल तर मेकशी भांडावं. एडिटरने मध्येच परस्पर निकाल लावू नये.

आता मुख्य मुद्दा, आणि तो थोडा सविस्तरच घ्यावा लागेल. ‘टॅबच्या जागी स्पेस आल्या तर मेक बोंबलतं, चूक लगेच कळते, मग बिघडलं काय?’ असं विचारलं जातं. बोंबलतं हे खरं. ग्नू मेक ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून थांबतं आणि ओळीआधी आठ स्पेस दिसल्या तर तुम्हाला टॅब तर म्हणायचा नव्हता ना, असंही विचारतं. चार स्पेस असतील तर हा सौजन्याचा प्रश्न येत नाही, आणि आजचे एडिटर बहुधा चारच घालतात. पण ही चूक तरी निदान ओरडते. न ओरडणारी चूक पुढची आहे, आणि ‘मेकफाइलीपुरतं सेटिंग टॅबवर ठेवा, की झालं’ असं सांगणारे जी चूक हमखास करवतील ती हीच.

मेकफाइलीत वर एक नियम आहे: ‘ॲप’ हे लक्ष्य, त्याखाली टॅब देऊन जीसीसीची ओळ, आणि त्या ओळीत सीफ्लॅग्ज हे चल. मग एक कोरी ओळ. मग डाव्या कडेला चिकटून अट: डीबगची किंमत 1 असेल तर. तिच्या खाली, तीही कडेलाच, सीफ्लॅग्ज=-जी. मग एंडिफ. रेसिपीतली, म्हणजे लक्ष्याखालच्या टॅबवाल्या आज्ञांतली, चलं मेक अगदी शेवटी उलगडतं, त्यामुळे नियम वर आणि नेमणूक खाली असली तरी हे बिनतक्रार चालतं. आता शिस्तप्रिय फॉर्मॅटर येतो. अटीच्या पोटातली ओळ एक पायरी आत हवी, आणि मेकफाइल आहे म्हणजे टॅबच हवा, म्हणून तो सीफ्लॅग्जच्या आधी एक टॅब घालतो. दिसायला फाइल आधीपेक्षा देखणी. पण कोरी ओळ किंवा अट आली म्हणून वरचा नियम बंद होत नाही. तो पुढचा नियम किंवा पुढची नेमणूक येईपर्यंत उघडाच असतो. म्हणून टॅबवाली ही ओळ आता नेमणूक उरत नाही, ‘ॲप’च्या रेसिपीतली दुसरी आज्ञा होते. जीसीसी -जी शिवाय चालतो. मग मेक एक नवा शेल उघडतं, तो शेल स्वतःपुरतं सीफ्लॅग्ज हे चल लिहून घेतो आणि शून्य परत देऊन मिटतो. शून्य म्हणजे यश. कुठेही चूक नाही, कुठेही इशारा नाही. वर मेक चालवलेली प्रत्येक आज्ञा छापतं, म्हणून पडद्यावर सीफ्लॅग्ज=-जी असं स्वच्छ दिसतंसुद्धा. बघणारा म्हणणार, लागलं की! नंतर डीबगर ओळींचे क्रमांक दाखवत नाही म्हणून तो कंपायलरवर संशय घेईल, डीबगरवर घेईल. टॅबवर संशय घ्यायला त्याला पुष्कळ वेळ लागेल. त्याच ओळीत बरोबरच्या चिन्हाभोवती दोन स्पेस असत्या, तर शेलने सीफ्लॅग्ज नावाची आज्ञा शोधली असती, ती सापडली नसती आणि मेक थांबलं असतं. म्हणजे लेखकाने चिन्हाभोवती जागा सोडली होती की नाही, एवढ्यावर बिघाड बोलका की मुका हे ठरतं. पेशवाईतल्या त्या आख्यायिकेत ‘धरावे’चं ‘मारावे’ करायला आनंदीबाईंना हेतू तरी होता. इथे हेतूही नाही, नुसती टापटीप.

यावर हुशार उत्तर येतं: फॉर्मॅटर शहाणा करा, आज्ञांना टॅब आणि नेमणुकांना स्पेस देऊ द्या. ठीक. पण कोणती ओळ आज्ञा आणि कोणती नेमणूक हे तो कशावरून ठरवणार? सीफ्लॅग्ज=-जी ही ओळ शेलचीही शुद्ध आज्ञा आहे आणि मेकचीही शुद्ध नेमणूक. दोहोंतला फरक सांगणारा पुरावा एकच, ओळीचं पहिलं अक्षर. आणि फॉर्मॅटरला बदलायचं असतं तेही नेमकं तेच. तो पुरावा मानला तर त्याला हात लावता येत नाही, हात लावला तर पुरावा गेला. हा दोष अमुक एका एडिटरच्या अर्धवट कामाचा असता तर पुढच्या आवृत्तीत सुटला असता. हा भाषेच्या घडणीतलाच आहे. 2024 मध्ये लिनक्स कर्नलच्या मेकफाइलींत अटींच्या आधीचे टॅब काढून स्पेस घातल्या गेल्या, कारण ग्नू मेकच्या विकासशाखेत टॅबपुढची अट रेसिपीची ओळ धरायचं ठरलं होतं. तो बदल माणसांनी जाणून-बुजून, कारण लिहून केला. सेव्हच्या बटणाचा आनुषंगिक परिणाम म्हणून नव्हे.

बाकीचे आक्षेप थोडक्यात आटोपतो. शेल स्क्रिप्टमधल्या हिअरडॉकचा समारोपाचा शब्द ओळीच्या अगदी आरंभी लागतो; तो आत ढकलला की पुढची स्क्रिप्ट मजकूर म्हणून गिळली जाते, आणि वजाचं चिन्ह असलेला प्रकार टॅब खपवून घेतो, स्पेस नाही. निन्जाच्या फाइलीत उलट, टॅबच चालत नाही. आणि शंभर ओळी नुसत्या सरकवल्या की कोणती ओळ कोणी व का लिहिली हा गिटमधला माग पुसट होतो, ते वेगळंच.

यामलबद्दल दोन वाक्यं जास्त लिहायला हवीत, कारण आजच्या बिल्डचा मोठा भाग तिथे राहतो. तिथे इंडेंटेशनसाठी टॅब निषिद्ध, आणि नातं ठरतं ते स्पेसच्या संख्येवरून. एखादी किल्ली दोन स्पेसने बाहेर आली की ती सीआयच्या एका पायरीची (स्टेप) न राहता सगळ्या कामाची (जॉब) होते, आणि दोन्ही रूपं व्याकरणाने शुद्धच असतात. दुसरीकडून चिकटवलेला तुकडा एडिटर कर्सरच्या जागेवरून आपल्या अंदाजाने बसवतो. अंदाज चुकला तर फाइल वैध राहते, फक्त ती दुसरंच काही सांगू लागते.

इथे कोणीतरी टॅब विरुद्ध स्पेस हा जुना वाद उकरून काढणार, याची खात्री आहे. त्या वादात दोन्ही पक्षांनी आजवर जेवढी शाई आणि जेवढा स्नेह खर्च केला, त्याच्या मोबदल्यात निष्पन्न काय झालं हे कोणी सांगितलेलं नाही. शिवाय तो वाद दिसण्याचा आहे, हा अर्थाचा. दुसरे म्हणतील, मेकच फेकून द्या. हेही जुनंच. मेकफाइलीतल्या टॅबला वैतागलेल्या जावावाल्यांनी 2000 च्या सुमारास अँट जवळ केलं. अँटच्या माहितीपुस्तिकेत त्या टॅबच्या नावाने केलेला त्रागा आजही वाचायला मिळतो. टॅब गेला आणि बदल्यात कोनी कंसांचं एक्सएमएल गळ्यात आलं, त्याला वैतागून लोक पुढे आणखी तिसरीकडे गेले. खुशाल जावं. सीमेक घ्या, तिथे इंडेंटेशनला अर्थ नाही, हवा तेवढा फॉर्मॅटर चालवा. पण जोवर मेकफाइल लिहिताय तोवर ती मेकच्या नियमाने लिहा.

मग एडिटरने काय करावं? फार काही नाही. नवी ओळ सुरू होताना कर्सर कुठे असावा हे सुचवावं; लिहिलेल्या ओळी न विचारता हलवू नयेत. मेकफाइल उघडताच टॅबच्या स्पेस करणं थांबवावं. विम तसं करतोच, इतरांसाठी प्रकल्पात एडिटरकॉन्फिगची एक छोटी नोंद पुरते. टॅब आणि स्पेस डोळ्यांना वेगळे दिसतील असं चिन्ह दाखवावं. सेव्ह करताना संशयास्पद ओळींबद्दल विचारावं. ईमॅक्स हे फार पूर्वीपासून करतो, आणि विचारणं व बदलणं यात फरक आहे. ज्यांना अदृश्य अक्षराचा फारच तिटकारा आहे त्यांच्यासाठी ग्नू मेक 3.82 ने 2010 मध्येच टॅबऐवजी दुसरं, दिसणारं अक्षर निवडायची मुभा दिली आहे. मात्र ती फाइल मग ग्नू मेकपुरतीच राहते.

एवढ्यावरही ज्यांना आपला फॉर्मॅटर निरुपद्रवी वाटतो, त्यांनी चालत असलेली एक जुनी, मोठी मेकफाइल घ्यावी. मेक -पी -एन चालवून त्याचं आउटपुट बाजूला ठेवावं. मग फॉर्मॅटरने फाइल ‘नीट’ करू द्यावी, तीच आज्ञा पुन्हा चालवावी आणि तारीख-वेळेच्या ओळी वगळून दोन्ही आउटपुट डिफला लावावीत. फाइलीतली प्रत्येक अट एकदा खरी आणि एकदा खोटी धरून हे करावं, कारण आज बंद असलेल्या अटीतला बिघाड आजच्या आउटपुटात येत नाही. एकाही खेपेला फरक निघाला नाही, तर आपलं मत त्यांनी पुन्हा जरूर मांडावं, सोबत ती मेकफाइलही जोडावी.