मागून आणलेली गाडी



गेल्या हिवाळ्यात रावेरला भाचीचा निकाह होता. आमच्या घरी दोन दुचाक्या. सासूबाईंचे गुडघे असे की एसटीची पायरी चढवत नाही. शेजारच्या आप्पांना कळले तसे त्यांनी स्वतःच किल्ली आणून दिली. गाडी जुनी, पण आप्पांनी जपलेली. गडद लाल रंग, कुठे ओरखडा नाही.

अमळनेरहून चोपडा, यावल, फैजपूर, सावदा करत आम्ही रावेरला गेलो. आमच्या भागातला हिवाळ्याचा रस्ता तुम्हाला ठाऊकच आहे. पुढे कापसाचा ट्रॅक्टर, मागे केळीचा ट्रक, बाजूने काळ्या मातीचा फुफाटा आणि मध्येच नुकतेच टाकलेले डांबर. वलिमा आटोपून रात्री परतलो, गाडी अंगणात उघड्यावर लावली. सकाळी तिच्यावर दव पडलेले, आणि लाल रंग कुठे दिसेना. दारांच्या खालच्या भागावर डांबराचे काळे ठिपके.

मी शाळेत गेले. अकरावीत शिकणारा मुलगा म्हणाला, "अम्मी, आप्पांना गाडी चकाचक करूनच देतो." दुपारी परत आले तर तो अंगणात मान खाली घालून बसलेला. आधी कोरड्या फडक्याने धूळ झटकली, मग कपड्यांच्या पावडरीने घासले, आणि डांबर निघेना म्हणून भांड्यांची घासणी घेतली. ठिपके निघाले होते. पण बॉनेटवर उन्हात चमकणारी बारीक वर्तुळे उठली होती आणि डाव्या दारावर तळहाताएवढा भाग पांढुरका झाला होता.

मुलाचे म्हणणे असे की आप्पांना कमी दिसते, त्यांच्या लक्षातही येणार नाही. खरे सांगते, क्षणभर मलाही तेच वाटले. मग हुनैनची घटना आठवली. त्या युद्धाआधी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सफवान बिन उमय्या यांच्याकडून चिलखते मागून घेतली. सफवान तेव्हा मुसलमानही नव्हते. जबरदस्तीने घेत नाही, परत देण्याच्या हमीवर घेतो, असे त्यांना सांगितले गेले. पुढे त्यातली काही चिलखते हरवली, तेव्हा प्रेषितांनी (स.) आपण होऊन भरपाई देऊ केली. सफवान यांनी ती घेतली नाही. पण देऊ करायची वेळ आली तेव्हा देणाऱ्याने टाळाटाळ केली नव्हती. अमानत ज्याची त्याला पोहोचवा, असा कुरआनचा हुकूम सूरह निसामध्ये आहे. मागून आणलेली गाडीही अमानतच आहे.

मुलाला म्हटले, "चल, तूच सांग." त्याने सांगितले. आप्पांनी दारावर हात फिरवला आणि म्हणाले, "जाऊ दे ताई, गाडीच शे ती." आम्ही मात्र गाडी मिस्त्रीकडे नेली. पॉलिशने बॉनेटवरची वर्तुळे बरीचशी गेली, दारावरचा डाग फिका झाला, पूर्ण गेला नाही. खर्च आम्ही दिला. अर्धा मुलाच्या ईदीतून.

मिस्त्रीने जे समजावले ते घराघरात कामाचे आहे, म्हणून इथे देते.

गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. तो केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो, आणि चमक त्याचीच. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते, वाळली की आवळून बसते. हिवाळ्यात रात्री दव तिला भिजवते, दिवसा ऊन वाळवते. चार-पाच दिवस असे चालले की तिचा लेप होतो. त्या लेपात रेतीचे बारीक कण असतात. कोरडे फडके फिरवले की तेच कण रंगावर पॉलिश पेपरसारखे चालतात. म्हणून पहिला नियम असा की मळ घासायचा नाही, भिजवायचा.

गाडी सावलीत आणि थंड असताना घ्यावी. मगाने वरून खाली पाणी सोडावे आणि दहा मिनिटे थांबावे. मध्ये सुकू लागले तर पुन्हा थोडे पाणी मारावे. अर्धा मळ इथेच सुटतो.

मग दोन बादल्या घ्याव्यात. एकीत गाडीच्या शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. मऊ मायक्रोफायबरचे फडके शाम्पूत बुडवून छत, काचा, बॉनेट, दारे आणि शेवटी चाकांकडचा भाग, या क्रमाने हलक्या हाताने फिरवावे. प्रत्येक भागानंतर फडके साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शाम्पूत घालावे. चाकांचे फडके वेगळेच ठेवावे. फडके जमिनीवर पडले तर न धुता परत वापरू नये.

कपड्यांची पावडर टाळावी. साबण अमळनेरला नवा नाही. १९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी इथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला आणि तिथे कपड्यांचा साबणही बनू लागला. पण कपड्यांचा साबण कपड्यांनाच बरा. त्यातला क्षार रंगावरचे मेण काढून टाकतो, आणि पुढच्या वेळी मळ अधिक घट्ट बसतो.

डांबर पाण्याने निघत नाही, ते तेलात विरघळते. कापसाच्या बोळ्यावर शेंगदाण्याचे तेल घेऊन ठिपक्यावर दहा मिनिटे दाबून ठेवावे आणि अलगद पुसावे. खोबरेलही चालते, पण थंडीत ते गोठते. एका वेळी निघाले नाही तर पुन्हा लावावे, नखाने खरवडू नये. नंतर तो भाग शाम्पूने धुवावा, नाहीतर तेलावर धूळ बसेल.

बोअरचे पाणी वापरत असाल तर शेवटी गाडी लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्यावी. पाणी जागेवर सुकले की क्षारांचे पांढरे डाग पडतात.

आता पाण्याविषयी. मुलाला मी हिशोब करायला लावला. आमच्या नळीने २० लिटरची बादली दीड मिनिटात भरते. नळी लावून २० मिनिटे गाडी धुतली तर २६० लिटरांहून जास्त पाणी जाते. वरच्या पद्धतीने तीन बादल्या, म्हणजे ६० लिटर पुरतात. उरलेल्या २०० लिटरांत, नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात, एखाद्या घराचा दिवस निघतो. हजरत अनस (रजि.) यांची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आहे. प्रेषित (स.) एका मुदने वुजू करीत, म्हणजे पाऊण लिटरहूनही कमी पाण्याने, आणि चार-पाच मुदने गुस्ल. स्वच्छतेला ईमानमध्ये एवढे मोठे स्थान देणाऱ्यांनी पाणी असे मोजून वापरले. आपण गाडीसाठी नळ सोडून देतो आणि त्यालाच स्वच्छता म्हणतो.

आणखी एक. साबणाचे पाणी गल्लीत सोडून शेजाऱ्याच्या दारापुढे चिखल करू नका. वाटेतला त्रास दूर करणे हाही ईमानचाच भाग आहे.

आप्पांच्या दारावरचा तो फिका डाग अजून आहे. उन्हात उभे राहिले की दिसतो. मुलगा महिन्यातून दोनदा रविवारी दोन बादल्या घेऊन त्यांच्याकडे जातो. मी सांगितलेले नाही. गेल्या महिन्यात नातीच्या साखरपुड्यासाठी आप्पांना आमची सतरंजी आणि मोठी पातेली लागली. परत आली तेव्हा पातेली आमच्यापेक्षा लख्ख घासलेली होती. एका झाकणाला पोचा आला होता. तो दाखवायला आप्पा स्वतः आले होते.