विकतची हिरवळ आणि फुकटची हरळी

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिक अंकात हिरवळीवर लेख म्हटले की वाचकांना वाटेल, आता दवबिंदू येणार, फुलपाखरे येणार. ज्यांना तशी अपेक्षा असेल त्यांनी खुशाल पान उलटावे. मला लिहायचे आहे ते हिरवळ विकत घेण्याविषयी, ती जमिनीवर अंथरण्याविषयी आणि ती जे पाणी पिते त्याविषयी. विषय रुक्ष आहे हे मान्य. पण आपल्या लातूर जिल्ह्यात पाण्याइतका जिव्हाळ्याचा विषय दुसरा कोणता आहे?

माझे म्हणणे पहिल्यांदाच सांगून टाकते. आपल्या काळ्या जमिनीत आणि आपल्या उन्हात हिरवळ हवीच असेल तर ती हरळीची असावी. आणि मार्च ते जून ती पिवळी पडली तर खुशाल पडू द्यावी.

गेल्या वर्षी जानेवारीत मूल्यांकन समिती येणार म्हणून आपल्या इमारतीपुढच्या पाचेक गुंठ्यांत लॉन लावले गेले, हे सर्वांना आठवत असेल. पुण्याकडच्या एका रोपवाटिकेतून ट्रक आला. सतरंजीसारख्या गुंडाळलेल्या गवताच्या पट्ट्या त्यातून उतरल्या. पट्टीच्या खाली बोटभर जाडीची लाल माती. मजुरांनी जमीन वरवर खरवडली, पट्ट्या शेजारी शेजारी टाकल्या, पाणी मारले आणि दोन दिवसांत जिथे धसकटे आणि खडे होते तिथे हिरवागार गालिचा तयार झाला! खोटे कशाला बोलू, मलाही तो आवडला. आमच्या गावात कुणाच्या अंगणात असले काही नाही. पण दुसऱ्याच दिवशी ‘हिरवळीवर बसू नये’ अशी पाटी लागली आणि मेअखेरीस त्या गालिच्याची काय दशा झाली तीही आपण पाहिली. पट्ट्यांच्या सांध्यांतून भेगा वर आल्या, कडा वाळून उचलल्या गेल्या, मध्ये मध्ये टक्कल पडले. माळीमामांना त्याबद्दल बोलणी खावी लागली. वास्तविक त्यांचा त्यात काहीच दोष नव्हता. दोष मातीचाही नव्हता. मातीला कोणी विचारलेच नव्हते.

भूगोल हा माझा विषय आहे, म्हणून थोडे मातीबद्दल. आपली काळी जमीन बेसाल्ट खडकाच्या झिजेतून झाली आहे. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण फार. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून फाटते. हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे शेतकऱ्याच्या मुलांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. आता या जमिनीवर लाल मातीची पातळ पोळी ठेवली तर काय होणार? दोन मातींचा पोत वेगळा, पाणी धरण्याची रीत वेगळी. वरची लाल माती दुपारपर्यंत कोरडी होते, खालची काळी पाणी लवकर आत घेत नाही. मुळे वरच्या पोळीतच घुटमळतात, सांध्याखाली उतरायला धजत नाहीत. म्हणजे गवत जमिनीत लावलेले नसतेच, ते जमिनीवर ठेवलेले असते. आणि उन्हाळ्यात खालची जमीन फाटू लागली की वरची पोळीही तिच्याबरोबर फाटते.

पट्टी अंथरणारे जाणकार लोक आधी वीतभर खोल खणतात, शेणखत मिसळतात, पाणी साचू नये म्हणून हलका उतार काढतात, आणि पट्ट्यांचे सांधे विटांच्या बांधकामासारखे एकाआड एक ठेवतात. शक्य तो आपल्या जमिनीशी जुळणाऱ्या मातीत वाढवलेले गवतच घेतात. पण समितीची तारीख ठरलेली असते, पावसाळ्याची वाट कोण पाहणार? जानेवारीत अंथरलेल्या गवताची मुळे धरतात न धरतात तोच उन्हाळा त्याच्या डोक्यावर येतो.

आता गवताच्या जातीविषयी. रोपवाटिकांत ‘मेक्सिकन’, ‘कोरियन’ अशा नावांनी जे गवत विकले जाते ते बहुधा झॉयसिया कुळातले असते. त्याचा मूळ मुलूख पूर्व आशिया. झॉयसिया हे नाव कार्ल फॉन झोइस या वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडले. हा गृहस्थ युरोपातला, गवत आशियातले, आणि विकताना नाव मेक्सिकोचे! असो. हे गवत वाईट मुळीच नाही. दाट वाढते, पायांना मऊ लागते, फार कापावे लागत नाही, थोडी सावलीही सोसते. जिथे बारमाही पाणी आहे तिथे ते जरूर लावावे. परंतु सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत, आणि पुढचे आठ महिने आकाशाकडे पाहणे, असा ज्यांचा संसार आहे त्यांनी ते लावताना निदान हिशोब तरी करावा.

तो हिशोब कठीण नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. पाच गुंठे म्हणजे सुमारे पाचशे चौरस मीटर. आपल्या कडक उन्हाळ्यात लॉन हिरवे राखायचे तर दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरले तरी ते जास्त धरले असे होत नाही. म्हणजे रोज अडीच हजार लिटर. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत एकशे वीस दिवस मोजले तर तीन लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे तीस टँकर! आता दुसरी बाजू पाहा. मुलींच्या वसतिगृहात आम्ही साठजणी राहतो. माणशी चाळीस लिटर धरले तर आमचा सर्वांचा दिवसाचा खर्च चोवीसशे लिटर. म्हणजे त्या गालिच्याची तहान आणि साठ मुलींचे पिणे, आंघोळ, धुणे यांची बेरीज जवळजवळ सारखी. गेल्या एप्रिलमध्ये बोअर आटले तेव्हा वसतिगृहाचा नळ एक दिवसाआड झाला. लॉनवरचे पाणी मात्र मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालू होते. यात कोणाचा दुष्टावा होता असे मला म्हणायचे नाही. लॉनवर पैसे खर्च झाले होते, ते वाळू द्यायचे कसे, हाच विचार असणार. एकदा महागाची वस्तू घरात आणली की तिच्या तब्येतीपुढे माणसांची तब्येत मागे पडते, एवढेच.

आणि हे लातूरला घडावे? १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. त्यानंतर दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावेत असा आदेश दिला. मैदानांवरच्या गवताला आणि खेळपट्ट्यांना दुष्काळात पाणी घालावे की नाही, हा त्यातला प्रश्न होता. काहींना तो आदेश अतिरेकी वाटला. सामने बंद केल्याने लातूरला थेंबभर पाणी वाढत नाही, असे ते म्हणत. हिशोबाने ते खरेही असेल. पण गवताला पाणी घालताना कोणाची तरी परवानगी विचारावी लागते, हे त्या निमित्ताने प्रथमच मोठ्याने बोलले गेले.

आता हरळीकडे वळते. आमच्या घरी हरळी हा शब्द प्रेमाने उच्चारला जात नाही. हरळी आणि कुंदा हे शेतकऱ्याचे जन्माचे वैरी. वडिलांनी उन्हाळ्यात नांगरट केल्यावर मागोमाग आईने आणि आम्ही भावंडांनी काशा वेचायच्या, ढीग करून वाळवायच्या आणि जाळायच्या, हे दरवर्षीचे. बोटभर काशी राहिली तरी पहिल्या पावसात ती हिरवी होऊन हसते. या चिवटपणाला आम्ही शिव्या देतो. पण लॉनला हवा असतो तो नेमका हाच गुण. भाद्रपदात गणपतीला एकवीस वाहतो त्या दूर्वा म्हणजे हीच हरळी. आणि क्रिकेटच्या मैदानांच्या वर्णनात ‘बर्म्युडा ग्रास’ म्हणून जे रुबाबदार नाव येते ते गवतही हेच. शास्त्रीय नाव एकच, सायनोडॉन डॅक्टिलॉन. बांधावर ती तण, देव्हाऱ्यात दूर्वा आणि रोपवाटिकेत बर्म्युडा!

याच संदर्भात एक गोष्ट वाचनात आली, ती सांगण्याचा मोह आवरत नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाचे गाव आहे. तेथील संशोधक ग्लेन बर्टन यांनी आपली हरळी आणि तिची एक आफ्रिकन बहीण यांच्या संकरातून लॉनच्या जाती तयार केल्या. टिफग्रीन १९५६ साली, टिफवे १९६० साली. जगभरच्या गोल्फच्या मैदानांवर त्या गेल्या. या संकरित जातींना बी धरत नाही, म्हणून त्या तुकड्यांनी किंवा पट्ट्यांनीच विकाव्या लागतात. याच बर्टनसाहेबांनी बाजरीचा ‘टिफ्ट २३ ए’ हा वाणही तयार केला, आणि त्यावरून लुधियानाला आपल्या देशातली पहिली संकरित बाजरी ‘एचबी-१’ १९६५ साली निघाली. आजोबांच्या तोंडची ‘हायब्रीड बाजरी’ ती हीच. पीक भरघोस आले, पण काही वर्षांतच तिच्यावर गोसावी रोग पडला आणि कणसांच्या जागी नुसता हिरवा पाला येऊ लागला. पुढे आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी इथल्या रोगाला, इथल्या हवेला टिकणारे वाण काढले तेव्हा कुठे बाजरी सावरली. परदेशी वस्तू वाईट असे मी म्हणत नाही. तिला इथल्या मातीत परीक्षा द्यायला लावा, मग गुण द्या.

हरळीवर आक्षेप आहेत, नाहीत असे नाही. एक म्हणजे ती फुलांच्या वाफ्यांत घुसते. त्याला विटांची कड आणि माळ्याचा डोळा हवा. दुसरे, ती सावलीत वाढत नाही. मग कडुनिंबाखाली गवत लावूच नये; तिथे जमीन सारवल्यासारखी सपाट ठेवावी, आपण सगळे बसतो ते तिथेच. तिसरा आक्षेप आमच्याच एका प्राध्यापकांनी घेतला: “उन्हाळ्यात ती पिवळी पडते, बाहेरचे लोक आल्यावर काय दिसेल?” सरांचा मान राखून विचारते, मे महिन्यात आपल्या जिल्ह्यात पिवळे काय नसते? डोंगर पिवळे, बांध पिवळे, रस्त्याकडेची झाडेही धुळीने पिवळी. पिवळी हरळी मेलेली नसते, ती झोपलेली असते. काशा जमिनीत जिवंत असतात, आणि जूनमध्ये दोन पाऊस पडले की आठ-दहा दिवसांत सारे पुन्हा हिरवे. मे महिन्यातला हिरवा गालिचा हे आपल्याकडे सौंदर्याचे नव्हे, टँकरचे लक्षण आहे.

खर्चाचे म्हणाल तर बेण्याला पैसा पडत नाही. मेमध्ये जमीन वीतभर खणून उन्हात तापू द्यायची, खडे आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचायच्या, शेणखत टाकून इमारतीपासून बाहेरच्या बाजूला थोडा उतार काढायचा. पहिला चांगला पाऊस झाला की हरळीचे दोन-तीन पेरांचे तुकडे चार-चार बोटांवर टोचायचे आणि हलका रोलर फिरवायचा. श्रावण-भाद्रपदापर्यंत जमीन झाकली जाते. दिवाळीनंतर आठवड्यातून एकदाच, पण खोल मुरेल असे पाणी द्यायचे, म्हणजे मुळे खाली जातात. रोज शिंपडले की ती वरच राहतात आणि लाडावतात. होळीनंतर तेही बंद.

सध्या त्या पाच गुंठ्यांपैकी निम्म्याहून अधिक जागा उघडी पडली आहे आणि ती पुन्हा पट्ट्या आणून भरण्याचे घाटते आहे, असे कानावर आले. प्राचार्यांना माझी विनंती आहे की निदान पूर्वेकडचा एक गुंठा येत्या जूनमध्ये आम्हा विद्यार्थ्यांकडे द्यावा. राष्ट्रीय सेवा योजनेची मुले खणायला तयार आहेत. मी विचारले आहे. दोन पोती हरळी आमच्या बांधावरून येईल. वडिलांना सांगितले तेव्हा त्यांना आधी खरेच वाटले नाही. मग म्हणाले, “दोनच का? गाडीभर न्या.” लागवडीनंतर पहिले दोन महिने तिथून कोणी चालू नये, तेवढ्यापुरती ती जुनी पाटी उपयोगी पडेल.