मंडईचे छप्पर कुणासाठी? इनामगावच्या कोठारापासून फुले मंडईपर्यंत

१/ युरोपात गेलेला मराठी प्रवासी बार्सिलोनाची बोकेरिया किंवा बुडापेस्टचा मध्यवर्ती बाजार आवर्जून पाहतो, छायाचित्रे काढतो आणि ‘आपल्याकडे असे काही नाही’ म्हणत परततो. पुण्यात अशी वास्तू १८८६ पासून उभी आहे आणि तिच्यात आजही भाजी विकली जाते. महात्मा फुले मंडईकडे इतिहास म्हणून कसे पाहावे, यासाठी हा थ्रेड.

२/ आधी वास्तू पाहू. मध्यभागी अष्टकोनी दालन, त्यावर उंच मनोरा आणि दालनातून चहूकडे पसरलेले लांब पाखे. धाटणी युरोपातील गॉथिक वळणाची. आराखडा वॉल्टर ड्युकॅट या अभियंत्याचा, तर बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर या मराठी कंत्राटदाराचे. काम १८८२ मध्ये सुरू झाले आणि ५ ऑक्टोबर १८८६ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या हस्ते उद्घाटन झाले.

३/ तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिचे नाव ‘रे मार्केट’ पडले. त्याआधी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या मैदानात भरत असे. पेशव्यांच्या वाड्यासमोरून उठलेला बाजार गव्हर्नराच्या नावाच्या छपराखाली गेला. सत्ता कुणाकडून कुणाकडे गेली, हे भाजीबाजाराच्या स्थलांतरातही वाचता येते.

४/ बंदिस्त मंडई ही एकोणिसाव्या शतकातील नगरशासनाची लाडकी कल्पना होती. अन्न छपराखाली आणावे, पाणी व निचऱ्याची सोय करावी, वजनमापांवर नजर ठेवावी आणि भाडे वसूल करावे. पॅरिसमध्ये व्हिक्टर बाल्तारचे लोखंडी मंडप याच विचारातून उभे राहिले. मुंबईत १८६९ साली क्रॉफर्ड मार्केट झाले.

५/ या योजनेत खरे हित होते, हे मान्य केलेच पाहिजे. उन्हापावसात बसणाऱ्या विक्रेत्याला आडोसा मिळाला, ग्राहकाला स्वच्छ जागा मिळाली. मात्र छप्पर आले की त्याच्याखाली बसण्याचा हक्क कुणाला आणि किती भाड्याने, हा प्रश्नही येतो. उघड्या मैदानात हा प्रश्न इतका तीव्र नसतो.

६/ आता या वास्तूच्या नावाकडे येऊ. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. मंडईवर मोठी रक्कम खर्च करण्यास त्यांचा विरोध होता. तो पैसा आधी शिक्षणावर खर्च व्हावा, अशी त्यांची भूमिका होती. पुढे १९३०च्या दशकाच्या अखेरीस, आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना, त्याच मंडईला फुल्यांचे नाव देण्यात आले.

७/ ही हकीकत बहुधा गंमत म्हणून सांगितली जाते: ‘ज्यांनी विरोध केला त्यांचेच नाव!’ ऐकणारा हसतो आणि पुढे जातो. विरोधामागचा प्रश्न त्या हसण्यात बुडतो. वास्तविक इतिहासाच्या अभ्यासकाने थांबायला हवे ते इथेच.

८/ फुल्यांचा हा विरोध एकाकी प्रसंग नव्हता. १८८० साली व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून नगरपालिकेने स्वागतासाठी हजार रुपये मागितले. तेव्हाही गरिबांच्या शिक्षणाचा मुद्दा पुढे करून फुल्यांनी त्या खर्चाला विरोध केला. मंडईचे बांधकाम चालू असताना, १८८३ साली, त्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण झाला. शेतकऱ्याच्या कष्टातून जमणारा पैसा त्याच्या मुलांच्या शाळेपर्यंत पोहोचत नाही, हा त्या ग्रंथाच्या गाभ्यातील एक आक्षेप आहे.

९/ फुले माळी समाजातले. घराण्याचे नावच फुलांच्या व्यवसायावरून पडलेले. ते स्वतः बांधकामाच्या कंत्राटांचाही व्यवसाय करीत. म्हणजे भाजीपाला पिकवणारा आणि विकणारा माणूस त्यांना परका नव्हता, दगडी इमारतीला काय खर्च येतो हेही त्यांना ठाऊक होते. त्यांचा विरोध अज्ञानातून आलेला नव्हता. सार्वजनिक पैशाचा अग्रक्रम कोण ठरवतो, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

१०/ हा प्रश्न किती जुना आहे, हे पाहायचे तर शिरूर तालुक्यात इनामगावला जावे लागेल. घोड नदीच्या काठावरील या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्या कामाशी जोडलेली प्रमुख नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० पर्यंत येथे लोक राहत होते.

११/ तेथे शंभराहून अधिक घरे उजेडात आली. सातू, गहू, मसूर, वाटाणा यांचे जळके दाणे सापडले. पाणी वळवण्यासाठी पाट आणि बांध होता. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर आढळले आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार. उत्खनकांनी ते घर वस्तीच्या प्रमुखाचे मानले. धान्य त्याच्याकडे जमा होत असावे, असा त्यांचा निष्कर्ष.

१२/ हा निष्कर्ष आहे, शिलालेख नव्हे. तेच कोठार सगळ्या वस्तीचे सामाईकही असू शकते. पण दोन्ही अर्थ एकाच मुद्द्यावर येतात. तीन हजार वर्षांपूर्वीही अन्नाला छप्पर होते, त्या छपराला जागा होती आणि ती जागा कुणाच्या तरी दाराशी होती. दुष्काळाच्या वर्षी त्या दारातून कुणाला किती मिळाले असेल, यावर वस्तीचे जगणे अवलंबून असणार.

१३/ इसवी सनापूर्वी १००० नंतर पाऊसमान घटले, असे अभ्यासक मानतात. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, गव्हाची शेती ओसरली, लोक पशुपालनाकडे झुकले आणि अखेर वस्ती उठली. कोठार बांधून ठेवले म्हणून गाव टिकत नाही. त्यात येणारे धान्य आणि ते वाटण्याची व्यवस्था टिकावी लागते.

१४/ मंडईंनाही हाच नियम लागू पडतो. पॅरिसचा घाऊक बाजार १९६९ मध्ये शहराबाहेर रूंजीसला गेला आणि १९७१ पासून बाल्तारचे मंडप पाडले गेले. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधून भाजीबाजार १९७४ मध्ये हलला. इमारत वाचली, पण आत भाजीऐवजी दुकाने आणि उपाहारगृहे आली. बोकेरियात तर गर्दीमुळे २०१५ साली पर्यटकांच्या मोठ्या गटांवर ठरावीक वेळी बंदी घालावी लागली. बाजार पाहणारे वाढले की बाजार करणाऱ्याला पाऊल ठेवायला जागा उरत नाही.

१५/ महाराष्ट्रातही घाऊक व्यापार जुन्या मंडईतून बाहेर गेला. पुण्याचा गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, मुंबईचा वाशीला. शिरूर-दौंडच्या शेतातून निघालेला माल आता थेट तिकडे उतरतो. जुन्या मंडईत उरला तो किरकोळ विक्रेता: पिढीजात गाळेधारक, आणि छपराबाहेर पाटी घेऊन बसणाऱ्या बायका. क्रॉफर्ड मार्केटलाही आता फुल्यांचेच नाव आहे, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा.

१६/ २०२४ पासून पुण्याच्या मंडईशेजारी भुयारी मेट्रोचे स्थानक आहे. जागेचे मोल वाढेल, पाहुणे वाढतील. ‘वारसा जतन करा’ ही मागणी जोर धरेल आणि ती रास्तच आहे. मनोरा शाबूत राहिला पाहिजे, छप्पर गळता कामा नये. पण जतन म्हणजे नेमके कशाचे, हे ठरवताना कॉव्हेंट गार्डनचा दाखला समोर ठेवावा.

१७/ या थ्रेडचे म्हणणे थोडक्यात असे. मंडईचा खरा वारसा तिथे रोज होणारा व्यवहार आहे. दुरुस्तीच्या काळात विक्रेत्यांना जवळच पर्यायी जागा, नंतर त्याच ठिकाणी परतण्याची लेखी हमी, परवडेल असे भाडे, माल उतरवायला वाट, स्वच्छतागृहे, आणि बाहेर बसणाऱ्या बायकांसाठी हक्काचा ओटा. एवढे झाले तर मनोऱ्यावरचा खर्च सार्थकी लागेल. हे न होता केवळ दगड चकचकीत झाला, तर फुल्यांचा आक्षेप आजही तसाच उभा राहील.

१८/ यावर कुणी म्हणेल की शहर बदलते, ग्राहक मोबाइलवरून भाजी मागवतो, मग जुना बाजार टिकवायचा कशाला? उत्तर साधे आहे. दहा रुपयांची कोथिंबीर घेणाऱ्या ग्राहकाला आणि चार पाट्या माल आणणाऱ्या विक्रेत्याला समोरासमोर आणणाऱ्या जागा शहरात झपाट्याने कमी होत आहेत. अशी जागा एकदा मोडली की ती पुन्हा बांधता येत नाही. इमारत मात्र केव्हाही बांधता येते.

१९/ इतिहासाची आवड असलेल्या तरुणांनी दोन ठिकाणे जोडून पाहावीत. डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात इनामगावचे अवशेष पाहावेत, मग सकाळच्या वेळी मंडईत जावे. मनोऱ्याकडे जरूर पाहावे. नंतर मान खाली करून ओट्यावर बसलेल्या माणसाला विचारावे: माल कुठून आला, भाडे किती, पुढची पिढी येथे बसणार का? आणि निघताना पावशेर मिरची तरी विकत घ्यावी.