घासून काढलेली अक्षरे

१८५३ नमुन्याच्या एन्फील्ड बंदुकीची इटालियन बनावटीची प्रतिकृती घ्यायची, नळीवरचे कारखान्याचे नाव कानशीने घासून काढायचे, नळी पुन्हा काळी करायची आणि लॉकप्लेटवर मुकुट, ‘टॉवर’ आणि १८६२ साल ठोकून घ्यायचे. अमेरिकी यादवी युद्धातल्या लढाया मैदानात उभ्या करणाऱ्या हौशी मंडळींत हा प्रकार रुळला आणि संग्राहकांनीही तो उचलला. आमच्या मते यात प्रतिकृतीचे काहीच भले होत नाही. घासणाऱ्याचा हात सैल सुटला की नावाबरोबर इटलीतल्या गार्दोने वाल त्रोम्पियाच्या चाचणी केंद्राचे ठसेही जातात. नळीने जादा दारूचा बार सोसला याची ग्वाही तेच ठसे देतात आणि बनावटीचे सालही त्यांच्याच सांकेतिक अक्षरांवरून कळते. ‘फक्त काळी दारू’ ही सूचना पुसली गेली, तर पुढे ती बंदूक हाती येणारा माणूस नळीत बिनधुराची दारू ठासणारच नाही, याची हमी कोण देणार?

आधुनिक अक्षरे डोळ्यांत खुपतात, ही तक्रार खोटी नाही. पण अक्षरे गेली म्हणून वस्तू अस्सल होते थोडीच! मूळ एन्फील्डच्या नळीतले आटे ७८ इंचांत एक फेरा घेतात, तर कित्येक प्रतिकृतींत तोच फेरा ४८ इंचांत पुरा होतो. तिथे कानस काय करणार? बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीने जुन्या मूळ मापकांवरून एन्फील्ड घडवली आणि तरीही नळीवर आपले नाव ठळक घातले. आज इटालियन नगापेक्षा तिला मागणी जास्त आहे, ती त्या नावासकट.

‘वस्तू माझी आहे, मी ती विकणार नाही’ हा दुसरा आक्षेप. संग्रह मात्र मालकाच्या मागे उरतो आणि वारसांना यातले काही ठाऊक नसते. मग खैबर खिंडीतल्या नकली बंदुकांचे कौतुक का, असे कोणी विचारील. त्या भागातल्या कारागिरांनी मार्टिनी-हेन्री बंदुकांवर व्हिक्टोरिया राणीची मुद्रा आणि खाली १९०१ नंतरचे साल ठोकले, ‘एन्फील्ड’मधला इंग्रजी एन उलटा कोरला. या चुकाच त्यांची सही ठरल्या. आजचा घासणारा पुस्तके वाचून बसलेला असतो; तो अशी चूक मागे ठेवत नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

जुने ठसे हवेतच, तर खुशाल ठोकावेत. मात्र चाचणीच्या खुणांना हात लावू नये आणि लाकडाखाली झाकल्या जाणाऱ्या नळीच्या पोटावर ‘प्रतिकृती’, मूळ कारखाना आणि बदलाचे साल खोल कोरावे. भारतात बनलेल्या ठासणीच्या बंदुकांबाबत तर ही नोंद अधिकच गरजेची आहे. त्या अमेरिकेत बहुधा कानाचे छिद्र न पाडताच जातात, छिद्र तिकडे पाडले जाते, आणि अनेकींवर बनवणाऱ्याचे नाव नसते की चाचणीचा ठसा. अशा नगाच्या नोंदीत छिद्र कोणी आणि केव्हा पाडले, नळीची चाचणी झाली की नाही, एवढे तरी हवेच.