गॅस ‘संपत’ नाही, गळतो

पावसाळा तोंडावर आला की पुण्याहून पिरंगुट, पौडमार्गे मुळशी धरण आणि ताम्हिणी घाटाकडे जाण्याचे बेत आखले जातात. त्याच सुमारास गॅरेजमध्ये एक मागणी हमखास ऐकू येते, ‘एसी थंड करत नाही, गॅस भरून द्या.’ अर्ध्या-पाऊण तासात गॅस भरला जातो, गारवा येतो, ग्राहक खूश होतो. काही महिन्यांनी तक्रार पुन्हा तीच. हे चक्र मोडायला हवे. त्यात खिशाला भुर्दंड बसतोच. पण चालकाची सुरक्षितता आणि वातावरण यांनाही त्याची किंमत मोजावी लागते.

गाडीच्या एसीतील वायू पेट्रोलसारखा जळून खर्च होत नाही. बंद नळ्यांमधून तोच वायू पुन्हा पुन्हा फिरतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो आणि डॅशबोर्डमागच्या इव्हॅपोरेटरमध्ये पुन्हा वायू होताना आतल्या हवेतील उष्णता शोषून घेतो. रबरी नळ्या आणि जोडांतून वर्षानुवर्षे थोडा वायू झिरपतो, हे खरे. पण एका हंगामातच गारवा गेला, तर कुठेतरी गळती आहे. खडी लागून कंडेन्सरला छिद्र पडले असेल, जोडातली रबरी रिंग कडक झाली असेल किंवा कॉम्प्रेसरचे सील गेले असेल. गळती तशीच ठेवून गॅस भरणे म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतणे.

शिवाय दोष दर वेळी गॅसचा नसतोच. हवा थंड आहे, पण झोत मंद, तर आधी केबिन फिल्टर पाहावा. बहुधा तो धुळीने माखलेला असतो. गाडी पळताना गारवा येतो, पण हिंजवडीच्या कोंडीत जातो, तर कंडेन्सरचा पंखा किंवा त्यावर साचलेली माती संशयास्पद. पायाशी पाणी साचले, तर पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असते. कुबट वास येत असेल, तर ओलसर इव्हॅपोरेटरवर बुरशी धरलेली असू शकते आणि दमा किंवा अ‍ॅलर्जी असणाऱ्याला ती त्रासाची ठरते. यांपैकी एकाही तक्रारीवर गॅस हा उपाय नाही. उलट प्रमाणापेक्षा जास्त गॅस भरला, तर दाब वाढून गारवा कमी होतो.

मुळशीत हा प्रश्न गारव्यापुरता राहत नाही. ताम्हिणीत पाऊस कोसळत असताना भिजलेल्या प्रवाशांचे कपडे आणि श्वास यांतली वाफ पुढच्या काचेवर आतून धरते आणि घाटातले वळण दिसेनासे होते. अशा वेळी एसी हवेतली वाफ काढून घेतो. हवा थंड इव्हॅपोरेटरवरून जाताना पाणी तिथेच गळते आणि कोरडी हवा काचेवर येते. तीच हवा हीटरने थोडी कोमट केली, तर काच आणखी लवकर स्वच्छ होते. गॅस फार कमी झाला, की दाबावर लक्ष ठेवणारा स्विच कॉम्प्रेसर चालूच होऊ देत नाही. म्हणजे मे महिन्यात दुर्लक्षिलेली गळती जुलैत घाटात गाठते.

हीटरकडे तर आपल्याकडे कोणी पाहतच नाही. इंजिनाची उष्णता वाहून नेणाऱ्या कूलंटवर तो चालतो. हीटर गरम होत नसेल, तर कूलंट कमी असणे, थर्मोस्टॅट उघडा अडकणे किंवा गरम-थंड हवा मिसळणारी झडप बिघडणे ही कारणे संभवतात. कूलंट कमी असेल, तर तो इंजिनासाठीही धोक्याचा इशारा समजावा. मात्र इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. काच बाहेरून धुरकट होत असेल, तर ती गरजेपेक्षा जास्त थंड झाली आहे. तापमान वाढवून वायपर फिरवावा. आतली हवाच फिरवत ठेवणारे बटण मात्र अशा वेळी बंद असावे. त्याने ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड आतच कोंडतात, जडपणा आणि पेंग येते.

आता वातावरणाचा हिशेब. जुन्या गाड्यांतला आर-१२ हा वायू ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हटवला गेला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही. पण शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १३०० पट तापमानवाढ करतो. एखाद्या गाडीतला अर्धा किलो वायू हवेत गेला, तर ते सुमारे ६५० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे, म्हणजे जवळपास २८० लिटर पेट्रोल जाळल्यासारखे होते. युरोपीय संघाने २०१७ पासून नव्या मोटारींत तो बंद केला. भारताने २०२१ मध्ये किगाली दुरुस्तीला मान्यता दिली. अशा वायूंचा वापर आपल्याकडे २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी होईल. पण आज रस्त्यावर असलेल्या गाड्यांतून होणारी गळती त्या वेळापत्रकाची वाट पाहत नाही.

गळती शोधायला वेळ लागतो आणि ग्राहक त्याचे पैसे द्यायला कुरकुरतो, ही गॅरेजवाल्यांची अडचण खोटी नाही. पण वारंवार गॅस भरण्याचा खर्च आणि गॅससोबत फिरणारे तेल गेल्याने कोरडा पडून जळालेला कॉम्प्रेसर, हे शेवटी महागच पडते. नायट्रोजनचा दाब देऊन गळती तपासणे, उरलेला वायू हवेत न सोडता यंत्राने काढून घेणे, निर्वात पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल काढणे आणि मग बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच वायू वजन करून भरणे, ही खरी दुरुस्ती. छोट्या गॅरेजना असे यंत्र परवडत नसेल, तर त्यासाठी अर्थसाह्य आणि आयटीआयमधून प्रशिक्षण देणे हे सरकारचे काम आहे. गळती कुठे सापडली आणि किती ग्रॅम गॅस भरला, याची नोंद बिलावर सक्तीची करावी. ते होईपर्यंत ग्राहकाने गॅरेजमध्ये ‘गॅस भरा’ म्हणण्याआधी ‘गळती कुठे आहे?’ एवढे तरी विचारावे.